घर सोडणे आणि जीवितार्थ : गाडगेबाबांची चरित्रकथने व ‘धग’

मराठी समीक्षेत जीवितार्थाचा प्रश्न उपस्थित झाला की त्याच्यासोबत एक ठरावीक सामग्रीही येते : साठोत्तरी कादंबरी, गावातून शहरात आलेला सुशिक्षित तरुण, त्याचे एकाकीपण, आणि या सर्वांच्या पाठीशी काम्यू व सार्त्र ही दोन नावे. १९६३ साली ‘कोसला’ प्रसिद्ध झाली आणि पांडुरंग सांगवीकर या प्रश्नाचा जणू अधिकृत प्रवक्ता ठरला. ‘कोसला’च्या महत्तेविषयी येथे वाद नाही. वाद आहे तो तिच्याभोवती जमलेल्या एका गृहीतकाशी. जगण्याला अर्थ आहे की नाही, असल्यास तो कोठून येतो, हा प्रश्न ज्याला विचार करण्याइतकी फुरसत आहे त्यालाच पडतो. ज्याची सकाळ सायंकाळच्या भाकरीच्या विवंचनेत उगवते त्याला तो पडत नाही, असे हे गृहीतक आहे. ते स्पष्ट शब्दांत फारसे कोणी मांडत नाही. परंतु आपल्या वर्गीकरणांतून ते बोलत असते. पांडुरंगाच्या कथेला आपण ‘अस्तित्वभान’ म्हणतो आणि शेतमजुराच्या कथेला ‘दारिद्र्याचे चित्रण’.

या वर्गीकरणात वऱ्हाडातील दोन कथनांची सोय फार लवकर लावली गेली. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० साली, म्हणजे ‘कोसला’च्या तीन वर्षे आधी आली, तिला ‘प्रादेशिक कादंबरी’ या दालनात सन्मानाची जागा मिळाली आणि ती तेथेच राहिली. दुसरे कथन गाडगेबाबांच्या जीवनाचे. प्रबोधनकार ठाकरे, गो. नी. दांडेकर आणि इतर अनेकांनी ते सांगितले. त्याची गणना ‘संतचरित्र’ म्हणून झाली. एक कादंबरी आणि एक चरित्रसमूह, एकीची नायिका शिंपी समाजातील कष्टकरी बाई आणि दुसऱ्याचा नायक परीट समाजातील निरक्षर शेतकरी. भूमी मात्र एकच : अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांतील, पूर्णेच्या आणि वर्धेच्या पाण्यावरची काळी कापूसपट्टी. ही दोन कथने समोरासमोर ठेवून वाचली तर जीवितार्थाविषयी जे दिसते ते स्वतंत्रपणे वाचताना दिसत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. संस्कृत काव्यशास्त्राने ‘प्रयोजन’ हा शब्द काव्यासाठी राखून ठेवला. मम्मटाने काव्याची प्रयोजने सांगितली आणि आपल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांतून ती आजही पाठ केली जातात. जगण्याच्या प्रयोजनासाठी परंपरेने दुसरा शब्द दिला : पुरुषार्थ. या शब्दाच्या पहिल्या पदातच कोणाच्या जीवितार्थाचा विचार झाला हे नोंदलेले आहे. ‘पुरुष’ म्हणजे येथे मनुष्यमात्र, असा खुलासा टीकाकार करतात, आणि तो शास्त्रदृष्ट्या बरोबरही असेल. परंतु चार पुरुषार्थांतील शेवटचा साधण्यासाठी जो घर सोडून निघतो त्याच्या मागे घर कोण चालवते, याचा हिशेब त्या चौकटीत कोठेच मांडलेला नाही. लोकबोलीतील ‘अर्थ’ हा याहून अधिक प्रामाणिक शब्द आहे. ‘यात काही अर्थ नाही’ असे शेतकरी म्हणतो तेव्हा त्याला मोबदला, उपयोग आणि शहाणपण हे तिन्ही एकदम अभिप्रेत असतात.

पाश्चात्त्य विचारात या प्रश्नाची दोन उत्तरे एकाच सुमारास, दुसऱ्या महायुद्धाच्या राखेतून आली. छळछावणीतून परतलेल्या व्हिक्टर फ्रँकल या व्हिएन्नातील मानसोपचारतज्ज्ञाचे पुस्तक १९४६ सालचे. त्याचे म्हणणे असे की अर्थ हा शोधावा लागतो, तो परिस्थितीत असतो, मनाने उपजवता येत नाही. सार्त्रने १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसमध्ये दिलेले व्याख्यान १९४६ साली पुस्तकरूपाने आले. त्याचे म्हणणे याच्या उलट. माणूस आधी असतो, आणि मग स्वतःला घडवतो. आधीपासून ठेवलेला अर्थ कोठेही नाही. सापडणे आणि घडवणे, या दोन क्रियापदांतील हा वाद आहे. वऱ्हाडातील आपल्या दोन कथनांनी या वादात तिसरे एक क्रियापद आणले आहे. त्याकडे येण्यापूर्वी चरित्राची घडण पाहू.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी झाला. वडील दारूच्या व्यसनात गेले. आई सखुबाई मुलाला घेऊन माहेरी, आजच्या अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला आली. तेथे मामाच्या घरी डेबूजी गुरे राखीत, नांगर धरीत वाढला. मामाची जमीन सावकाराच्या कर्जात अडकली. तरुण डेबूजी त्या सावकाराशी उघड भांडला. १८९२ साली कुंताबाईंशी विवाह झाला. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटण न देता त्याने गोडाचे जेवण घातले. आणि १ फेब्रुवारी १९०५ रोजी, पहाटेच्या अंधारात, तो घर सोडून निघून गेला.

ही घटनाक्रमाची नोंद आहे. चरित्र यापुढे सुरू होते. येथे चरित्रलेखनाला आपली परंपरा सोडवत नाही. अठराव्या शतकात महिपतीने ‘भक्तविजय’ आणि ‘भक्तलीलामृत’ रचले तेव्हापासून मराठी संतचरित्राचा एक कथनसंकेत सिद्ध झालेला आहे : संताचे संतपण आधीच ठरलेले असते, आयुष्यातील प्रसंग केवळ ते प्रकट करतात. म्हणून डेबूजीच्या बालपणातील प्रत्येक गोष्ट पुढच्या बाबांची पूर्वखूण होऊन बसते. काही कथनांतून शेतात पाखरे राखणाऱ्या डेबूजीला भेटलेल्या एका साधूची गोष्ट येते. त्याच्या भेटीने जणू वात पेटली आणि मग गृहत्याग अटळ ठरला. एकोणतिसाव्या वर्षी घर सोडल्याचा आकडाही मोहात पाडणारा आहे, कारण बुद्धचरित्रातील महाभिनिष्क्रमणाचे वयही तेच. असे साम्य एकदा हाताशी आले की चरित्रकाराला आणखी काही सिद्ध करावे लागत नाही. अर्थ सापडलेला असतो, नायकाने फक्त उठून त्याच्याकडे जायचे असते. प्रबोधनकारांसारखा, कर्मकांडावर आयुष्यभर आसूड ओढणारा लेखकही १९५२ च्या आपल्या चरित्रात या संकेतापासून पूर्णपणे सुटलेला नाही. मात्र दापुऱ्यातील शेती, सावकारी, जातीची जेवणे यांचा तपशील देताना त्यांची लेखणी जी धार धरते तिच्यामुळे संकेताला ठिकठिकाणी भेगा पडतात, आणि त्या भेगांतूनच डेबूजी नावाचा माणूस दिसतो.

या भेगांतून पाहिले तर गृहत्यागाच्या रात्री डेबूजीजवळ कोणतेही तयार प्रयोजन होते असे दिसत नाही. ही गोष्ट मला निर्णायक वाटते. त्याने गुरू केला नाही, पुढे शिष्यही केला नाही. दीक्षा नाही, मंत्र नाही, मठ नाही, पंथ नाही. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात काठी आणि एक मातीचे गाडगे, जे खाण्यापिण्याचे भांडेही होते आणि उन्हात डोक्यावरची टोपीही. तो गावोगाव फिरला, लाकडे फोडली, ओझी वाहिली, त्याच्या बदल्यात भाकरी मागितली, आणि नाव विचारले तर टाळाटाळ केली. रस्त्यातील खड्डे बुजवले. झाडू नंतर आला, कीर्तन नंतर आले. पूर्णेच्या काठी ऋणमोचन येथे पौषात यात्रा भरते. तेथे चिखलातून नदीत उतरणाऱ्या यात्रेकरूंसाठी घाट बांधण्याचे काम १९०८ च्या सुमाराचे. सावकाराच्या ऋणातून ज्याच्या आयुष्याला पहिला तडा गेला त्याचे पहिले मोठे सार्वजनिक काम ‘ऋणमोचन’ नावाच्या गावी व्हावे, हा योगायोग कोणा कादंबरीकाराने रचला असता तर आपण त्याला कृत्रिमतेचा दोष दिला असता.

म्हणजे काम आधी आणि अर्थ मागाहून. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथील धर्मशाळा, सदावर्ते, अपंगांची आणि गाईगुरांची सोय, हा सर्व विस्तार एखाद्या योजनेतून उलगडलेला नाही. एका कामाच्या टोकाला दुसरे काम दिसत गेले, असा तो आहे. पंढरपूरला दर वारीला जाणाऱ्या या माणसाने विठ्ठलाच्या गाभाऱ्याशी आपला अर्थ बांधला नाही. वाळवंटातील घाण आणि उघड्यावर झोपणारे वारकरी यांच्याशी बांधला. तेथील चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वाधीन केली. स्वतः उभारलेल्या वास्तूवर आपला अर्थ कायमचा कोरून ठेवण्याचा मोह येथे नाही. सार्त्रला हवा असलेला, कृतीतून स्वतःला घडवणारा माणूस याहून शुद्ध स्वरूपात कोठे सापडेल असे वाटत नाही. आणि त्याला अक्षरओळखही नव्हती.

त्यांच्या कीर्तनाचा रूपबंधही याच जातीचा आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंग व उत्तररंग असतात, वारकरी कीर्तन एका अभंगाचे विवरण करते. दोन्हीत अर्थ वक्त्याजवळ असतो आणि तो श्रोत्यांकडे वाहत जातो. बाबांच्या कीर्तनाची रचना प्रश्नोत्तराची. ते वऱ्हाडीत विचारतात, समोरचा समुदाय उत्तर देतो. उत्तरावर पुन्हा प्रश्न. देव कोठे राहतो, त्याला आंघोळ कोण घालते, दिवा लावला नाही तर देव दिसेल काय, असे प्रश्न एकामागून एक येतात, आणि उत्तर देता देता श्रोत्याचे उत्तरच त्याच्या समजुतीच्या विरोधात उभे राहते. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्याच्या आवारात झालेले त्यांचे अखेरचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले, त्यामुळे हा रूपबंध आज संहितेच्या रूपात अभ्यासता येतो. श्रोत्यांचे प्रतिसाद वगळून ही संहिता वाचली तर ती उपदेशासारखी वाटते. प्रतिसादांसह वाचली तर ती नाट्य ठरते. अर्थ दिला जात नाही, वदवून घेतला जातो. वाचकाला संहितेच्या निर्मितीत वाटा देणाऱ्या आधुनिक सिद्धान्तांची चर्चा आपण परक्या उदाहरणांवर करीत आलो. हे उदाहरण आपल्या हाताशी होते. (त्याची शैलीवैज्ञानिक मीमांसा विस्ताराने व्हावी, हे काम विद्यापीठीय संशोधनाला शोभण्यासारखे आहे. अमरावती विद्यापीठ तर आता बाबांचेच नाव धारण करते.)

याच काळात याच जिल्ह्यात अर्थनिर्मितीचा आणखी एक विलक्षण प्रयोग चालू होता, त्याचा उल्लेख टाळता येत नाही. १८८१ साली जन्मलेले आणि तान्हेपणीच दृष्टी गमावलेले माधानचे गुलाबराव महाराज स्वतःला ज्ञानेश्वरकन्या मानीत, कृष्णपत्नी म्हणून कुंकू व मंगळसूत्र धारण करीत, आणि मधुराद्वैताचे दर्शन शेकडो प्रकरणांतून सांगून लिहवीत. १९१५ साली चौतिसाव्या वर्षी ते गेले. एकाने परंपरेच्या शब्दसंपदेतून स्वतःसाठी एक नवी ओळख रचली, दुसऱ्याने परंपरेची वस्त्रेच उतरवून चिंध्या पांघरल्या. एक आंधळा आणि एक निरक्षर, दोघांनाही ग्रंथ स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येत नव्हता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वाचलेल्या अर्थावर त्यांना विसंबता येत नव्हते. परंतु गुलाबरावांच्या प्रयोगाची मीमांसा हा स्वतंत्र विषय आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. सार्त्रच्या त्या व्याख्यानात एक प्रसिद्ध दृष्टान्त आहे. युद्धकाळात एक विद्यार्थी त्याच्याकडे सल्ला मागायला येतो. मोठा भाऊ जर्मनांच्या हल्ल्यात मारला गेलेला, वडील शत्रूकडे झुकलेले, आई केवळ या मुलाच्या आधारावर जगणारी. इंग्लंडला जाऊन स्वातंत्र्यसेनेत सामील व्हावे, की आईजवळ राहावे? कोणतीही नीती याचे उत्तर देत नाही, तू स्वतंत्र आहेस, निवड, असे सार्त्र सांगतो. हा दृष्टान्त अर्धशतकाहून अधिक काळ शिकवला जात आहे. पण त्यात एक व्यक्ती अशी आहे की जिला कोणीही काही विचारलेले नाही. ती आई. मुलाची निवड त्याच्या स्वातंत्र्याचा विषय आहे. आईसाठी ती केवळ एक बातमी आहे, चांगली किंवा वाईट.

कुंताबाईंची स्थिती हीच आहे. १ फेब्रुवारी १९०५ च्या सकाळी दापुऱ्यातील त्या घरात एक वृद्ध आई, एक तरुण पत्नी आणि लेकरे होती. चरित्रे पहाटेच्या अंधारात निघालेल्या पावलांच्या मागे जातात, आणि ते साहजिक आहे. पण त्या घरात उजाडले कसे याचे वर्णन करण्याची गरज चरित्राच्या संकेतालाच वाटत नाही. पुढे बाबांनी लक्षावधी रुपयांच्या वास्तू उभ्या केल्या तेव्हा त्यांतील सुखसोयींचा वाटा आपल्या कुटुंबाला मिळू नये, यावर त्यांचा कटाक्ष राहिला. लोकांच्या पैशाविषयीची ही निष्ठा आजच्या सार्वजनिक जीवनात दंतकथेसारखी वाटते, आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ती निष्ठा पाळली कोणी? व्रत बाबांचे आणि झोपडी कुंताबाईंची. ५ मे १९२३ रोजी कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना मुलगा गोविंदा गेल्याची वार्ता आली, आणि बाबांनी कीर्तन थांबवले नाही. हा प्रसंग प्रत्येक चरित्रात येतो, धीरोदात्ततेचा कळस म्हणून येतो. त्याच मृत्यूचे दुसरे दृश्य, ज्यात आई आहे, ते कोठे आहे?

बाबांवर आरोप ठेवावा असा याचा हेतू नाही. प्रश्न वाङ्मयप्रकाराच्या आंधळ्या जागेचा आहे. तुकारामांच्या चरित्रपरंपरेत आवली निदान भांडते. महिपतीने तिला कजाग ठरवले, तरी तिचे तोंड शिल्लक ठेवले. बुद्धाच्या यशोधरेला हिंदीत मैथिलीशरण गुप्तांनी काव्याची नायिका केले. कुंताबाई मात्र बहुतांशी इतरांच्या वाक्यांतून येतात आणि जातात. दांडेकरांसारख्या चरित्रकाराकडून येथे अधिक अपेक्षा असावी असे वाटते. ते स्वतः परतवाड्याचे. लहान वयात शाळा आणि घर सोडून निघालेले, बाबांच्या सहवासात वावरलेले. ‘स्मरणगाथा’ लिहिणाऱ्या या लेखकाला निघून जाण्याची ओढ आतून ठाऊक होती, आणि म्हणूनच कदाचित मागे उरलेल्यांचे उंबरे त्याच्या लेखणीला तितकेसे दिसले नसावेत.

ही उणीव चरित्राने भरून काढली नाही. ती एका कादंबरीने भरून काढली, आणि तीही तसा काही हेतू न धरता. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या पुलावर बाबांनी देह ठेवला. त्यानंतर चार वर्षांत ‘धग’ प्रसिद्ध झाली. तिच्यात गाडगेबाबा नाहीत, असण्याचे कारणही नाही. तिच्यात कौतिक आहे. एकत्र कुटुंबातून बाहेर पडून स्वतःचा संसार मांडायचा, मुलांनी शिकावे, त्यांचे तरी नीट व्हावे, एवढ्या आकांक्षेवर उभी राहिलेली बाई. नवरा महादेव अंगाला काम लावून न घेणारा. मुले भीमा आणि नामा, मुलगी यसोदा. तळेगावातील मोलमजुरी, उसनवारी, आणि त्यात महादेवला जडलेला महारोग. ज्या आकांक्षेसाठी ती झिजते ती एकेका बाजूने ढासळत जाते आणि शेवटी ती स्वतःच मोडून पडते.

ही कथा ‘नियतीने चिरडलेल्या स्त्रीची शोकांतिका’ म्हणून वाचण्याची पद्धत रूढ आहे. या वाचनात कौतिक सोसणारी होते, आणि सोसणे म्हणजे निष्क्रियता असे आपण धरून चालतो. संहिता नीट पाहिली तर असे दिसते की कादंबरीतील जवळजवळ प्रत्येक निर्णय कौतिक घेते. वेगळे राहण्याचा विचार तिचा, काम शोधणे तिचे, कोणाकडे हात पसरायचा आणि कोणाकडे नाही हे ठरवणे तिचे. परिस्थिती तिला काहीच देत नाही, अर्थ तर नाहीच. फ्रँकलच्या भाषेत बोलायचे तर या परिस्थितीत सापडण्याजोगे काही नाही. ती रोज सकाळी उठून तो नव्याने तयार करते, रात्रीपर्यंत तो खर्ची पडतो. ज्याला आपण सोसणे म्हणतो तेच येथे घडवण्याचे साधन आहे. ‘सोसणे’ हे क्रियापद सकर्मक आहे याची आठवण ‘धग’ करून देते, आणि मघाशी म्हटलेले तिसरे क्रियापद ते हेच.

महादेवकडे या दृष्टीने पाहिले तर समीक्षेचे गृहीतक आणखी उघडे पडते. काम दिसत असूनही उठावेसे न वाटणे, कशातच राम नाही अशा थाटात दिवस घालवणे, जबाबदारीच्या कल्पनेशीच नाते तुटलेले असणे, ही महादेवची लक्षणे. हाच महादेव पदवीधर असता, पुण्या-मुंबईच्या एखाद्या खोलीत राहत असता आणि प्रथमपुरुषी निवेदन करीत असता, तर त्याच्या आळसाला आपण ‘परात्मता’ म्हटले असते आणि त्यावर परिसंवाद घेतले असते. तो तळेगावात राहतो आणि त्याच्याविषयी तृतीयपुरुषी निवेदनात सांगितले जाते, म्हणून तो नुसता ऐतखाऊ ठरतो. ऐतखाऊ तो आहेच. शेळक्यांची लेखणी त्याला सूट देत नाही. पण निरर्थकतेचा अनुभव हा कोणाची तरी भाकरी खाऊनच घेता येतो, हे ‘धग’ जितक्या रोखठोकपणे दाखवते तितक्या रोखठोकपणे आपल्या अस्तित्ववादी म्हटल्या गेलेल्या कादंबऱ्यांनी क्वचितच दाखवले असेल.

येथे निवेदनपद्धतीचा विचार आवश्यक आहे. शेळके कौतिकच्या मनात शिरून तिच्याकडून जीवनचिंतन करवून घेत नाहीत. संवाद वऱ्हाडीत, निवेदनावरही त्या बोलीची दाट सावली, आणि मनोविश्लेषणाचा जवळजवळ अभाव. कौतिकला ‘माझ्या जगण्याचा अर्थ काय’ असे वाक्य कधीच दिलेले नाही. ज्यांना प्रश्न हा वाक्यरूपातच ओळखता येतो त्यांना म्हणून तो येथे दिसला नाही. परंतु कणगीत किती उरले, कोणाचे किती देणे आहे, उद्या कोणाच्या वावरात जायचे, या हिशेबांतूनच तो प्रश्न पानोपानी विचारला गेला आहे. शीर्षकही हेच सांगते. ‘धग’ म्हणजे ज्वाळा नव्हे. दिसत नाही पण जवळ जाणाऱ्याला जाणवते ती आच. कथनाने ही आच कोठेही भडकू दिलेली नाही. शेळके स्वतः शिवणकामासारख्या व्यवसायांतून वर आलेले, आणि पुढे शंभराहून अधिक पुस्तके लिहून लोकप्रिय कादंबरीच्या बाजारात उतरलेले. या उत्तरायुष्यामुळे समीक्षेने त्यांच्याकडे काहीसे नाक मुरडले, त्याचा फटका ‘धग’च्या वाचनालाही बसला असावा.

महारोगाचा संदर्भही दोन्ही कथनांच्या मध्ये उभा आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीजवळ तपोवन येथे कुष्ठरुग्णांची वसाहत १९४६ साली सुरू केली. महारोग्याची सेवा हे वऱ्हाडात एका मोठ्या जीवितकार्याचे नाव झाले, आणि योग्यच झाले. कौतिकच्या घरात तोच रोग येतो तेव्हा ती त्याला जीवितकार्य म्हणू शकत नाही. तिला तो निवडता येत नाही, आणि त्याची सेवा केल्याबद्दल तिचे चरित्रही लिहिले जाणार नसते. जी कृती सार्वजनिक ठिकाणी केली असता अर्थपूर्ण ठरते तीच घराच्या चार भिंतींत केली असता नशीब म्हणून ओळखली जाते. डेबूजी आणि कौतिक यांच्यातील भेद येथे आहे. दोघांनीही आपला अर्थ कष्टातून घडवला. डेबूजीला निघून जाता आले. कौतिकने एकत्र कुटुंब सोडले खरे, पण सोडताना नवरा आणि मुले सोबत घेतली. घर सोडले आणि घर सोबतही नेले. तिच्या गृहत्यागाला ‘महाभिनिष्क्रमण’ हा शब्द कोणी लावणार नाही. त्यात जोखीम मात्र डेबूजीच्या जोखमीपेक्षा कमी नव्हती.

बाबांच्या नावे सर्वतोमुखी असलेला एक उपदेश आहे. मोडक्या घरात राहा, जेवणाचे ताट विका आणि भाकर हातावर घेऊन खा, बायकोला कमी किमतीचे लुगडे घ्या, पण मुलांना शाळेत घातल्यावाचून राहू नका, असा त्याचा आशय. विसाव्या शतकातील महाराष्ट्राने ऐकलेल्या अत्यंत परिणामकारक वाक्यांत त्याची गणना करावी लागेल. त्याच्या बळावर वऱ्हाडातील कितीतरी घरांतून पहिली पिढी शाळेत गेली. त्याचे व्याकरण मात्र पाहण्यासारखे आहे. आज्ञार्थ पुरुषाला उद्देशून आहे. घर मोडके राहिले तर ते दोघांचे, ताट विकले तर तेही दोघांचे. लुगडे तेवढे तिचे, आणि ते स्वस्त घ्यायचे हे ठरवणार तो. त्यागाचा उद्गाता एक आणि त्याग नेसणारी दुसरी. ‘धग’मध्ये हा उपदेश करणारा कोणी नाही, आणि ऐकायला महादेव तयार नाही. तो सांगायची गरजही पडत नाही. नव्या लुगड्याचा विचार कौतिकने त्याआधीच, कोणी न सांगता, सोडून दिलेला असतो.